आठ चित्रांतली आई

स्टॉकपोर्ट,
शुक्रवार, चौथा चहा

प्रिय हिल्डामावशी,

रसेलचा नमस्कार. एके काळी वाकून केला असता, आता खुर्चीतूनच करतोय, कारण वाकलो तर सरळ व्हायला कोणाचातरी हात लागतो आणि घरात मांजराखेरीज कोणी नाही. तुझा नवा गुडघा काय म्हणतो? तुझी जॅनीन फोनवर सांगत होती की ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्याआल्या तू डॉक्टरांकडे जुना गुडघा परत मागितलास, ‘इतकी वर्षं माझा होता, आता काय तुमचा झाला?’ म्हणून. बरं केलंस. ही डॉक्टरमंडळी मागितल्याशिवाय काही देत नाहीत. माझी तब्येत उत्तम. डोळे, कंबर आणि केस सोडले तर तक्रारीला जागा नाही. तू विणलेला स्वेटर पोचला. अंगाला छान बसतो. एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे, ती मी ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला ठेवतो.

तू विचारलंस, निवृत्त झाल्यावर मी दिवसभर करतो तरी काय. जॅनीनने तुला सांगितलंच असेल की मी कॉम्प्युटरपुढे बसून असतो. ते खरं आहे. सगळी नोकरी मी पार्किंगच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली (तुझं नाणं गिळून ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं ना, ते वाक्य माझं. माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण तेच), आणि आता कोणी सांगत नसतानाही पुन्हा तेच करतोय असं तुला वाटेल. पण नाही. मी गेम करतोय. तोच, न्याहारीचा. हसू नकोस. तुला तो आठवत असेल, पण तुझी आठवण कशी आहे ते मला ठाऊक आहे (मागच्या नाताळात तू सगळ्यांना ठासून सांगितलंस की आमच्या गेस्ट हाउसमधून समुद्र दिसायचा), म्हणून पहिल्यापासून सांगतो. चहा घेऊन बस.

समुद्र दिसायचा नाही. मोरकॅम्बच्या आमच्या ‘सी ब्रीझ’मधून समुद्र फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून, टबाच्या काठावर उभं राहिलं तर दिसायचा, आणि ओहोटी असली की तोही नाही, नुसता चिखल. आई जाहिरातीत ‘समुद्रदर्शन’ लिहायची आणि न्हाणीघरात ‘टबाच्या काठावर उभे राहू नये’ अशी पाटी लावायची. उन्हाळ्यात घर पाहुण्यांनी भरलेलं, हिवाळ्यात मात्र दोघेच कायमचे. एक मिस्टर लोमॅक्स, धक्क्यावरच्या थिएटरात ऑर्गन वाजवायचे. थिएटरला टाळं लागलं तेव्हा ऑर्गन तिथे राहिला आणि ते आमच्याकडे आले. दुसऱ्या मिस थ्रेलफॉल, शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणाच्या बाई. त्यांच्या खुर्चीत चुकून जरी कोणी बसलं तरी त्या काही बोलत नसत, शेजारी येऊन उभ्या राहत. (बाबा ब्लॅकपूलला एका बाईंबरोबर गेले ते गेलेच. त्यांचा उल्लेख घरात करायचा नाही असं आईने ठरवलं होतं, म्हणून मीही करत नाही. कंसातला धरत नाहीत.) आणि आई. स्वयंपाक, वाढप, धुणं, जिने, बिलं, तक्रारी, सगळं आई. शनिवार-रविवार मदतीला तू.

ब्याऐंशीच्या नाताळात तू हप्त्यांवर वस्तू मागवायचीस त्या कॅटलॉगमधून तो काळा डबा, माझा पहिला कॉम्प्युटर, आला. वहीएवढा, वर खोडरबरासारखी बटणं. दाबली की आधी दबायची आणि मग विचार करायची. आईला पटवताना आपण दोघांनी काय काय थापा मारल्या होत्या आठव: हा गेस्ट हाउसचा हिशेब ठेवील, रसेलचा अभ्यास घेईल, पाककृती लक्षात ठेवील. त्याने आयुष्यात एकच पाककृती लक्षात ठेवली, तुझी कस्टर्डची, आणि तीही प्लग काढल्याबरोबर विसरला. आईला हे कळायला आठवडा लागला. तिने मला एवढंच विचारलं, “अरे, मग याला येतं तरी काय?” मी म्हणालो, “सांगू ते सगळं.” ती म्हणाली, “मग जिने पुसायला सांग.”

त्या डब्याला स्वतःचा पडदा नव्हता. टीव्हीला जोडावा लागायचा, आणि घरात टीव्ही एकच, पाहुण्यांच्या बैठकीत. त्यामुळे माझ्या वयाची बाकीची पोरं आपापल्या खोलीत दार लावून, एकांतात, चार चुका करत प्रोग्रॅमिंग शिकली. मी भर सभेत शिकलो. मासिकात छापलेले प्रोग्रॅम मी ओळीओळीने टाइप करायचो आणि मागून मिस थ्रेलफॉल सुई-दोरा चालवत विचारायच्या, “इतकं लिहून शेवटी होतं काय?” शेवटी व्हायचं असं की पडद्यावर ‘चूक’ असं यायचं. “हे तर मी आधीच सांगितलं असतं,” त्या म्हणायच्या. कॅसेटवरून गेम चढवताना जी किंचाळी यायची तिला तर घरात कोणी सरावलंच नाही. मिसबाई दर वेळी म्हणायच्या, “मांजर कुठेतरी अडकलंय, बघा कोणीतरी.” मिस्टर लोमॅक्स मात्र डोळे मिटून, मान डोलावत ऐकायचे. त्यांचा दावा होता की आयुष्यभर ऑर्गन वाजवल्यामुळे नुसत्या आवाजावरून त्यांना कळतं कॅसेट चालणार की नाही. “सूर लागलाय आज,” ते म्हणायचे. “येणार.” एकदाही आला नाही. ते ‘आज काही खरं नाही’ म्हणाले की मात्र हमखास यायचा, म्हणून मी शेवटी त्यांचा मूड बघून कॅसेट लावायला लागलो.

साडेसात वाजले की मिसबाईंची मालिका. त्याआधी काम कॅसेटवर उतरवलं नाही तर गेलं. डबा तापायचा, म्हणून मी त्याच्यावर थंड दुधाची बाटली ठेवायचो, आणि तेच दूध मग चहात जायचं. मिसबाईंचं एकच म्हणणं असायचं की अलीकडे चहाला रबराचा वास येतो. आणि मार्चमधला तो रविवार. तो तुलाही आठवत असेल, कारण मी घर डोक्यावर घेतलं होतं. मी पहाटेपासून खपून गेममधले जिने केले होते, चारही मजल्यांचे, वर जाणारे, खाली येणारे, आणि कॅसेट आणायला म्हणून मिनिटभर वर गेलो. तू व्हॅक्यूम घेऊन आलीस, भिंतीतला माझा प्लग उपटलास आणि तुझा लावलास. घरातले जिने तू स्वच्छ केलेस आणि माझे साफ. मी तुला क्षमा केली आहे, मावशी. तेव्हा नाही. साधारण शहाण्णव साली.

हो, जिने, कारण गेम न्याहारीचा होता. मासिकातले सगळे गेम अंतराळातले. मी अंतराळ पाहिलं नव्हतं. न्याहारी मी रोज पाहत होतो. गेममध्ये मिसेस हॅल्सॉल, म्हणजे आईच, तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन निघायची आणि चहा गार व्हायच्या आत सगळ्या टेबलांवर न्याहारी पोचवायची. वाटेत पोरं जिन्यावरून घसरत यायची, वरून बॅगा पडायच्या, न्हाणीघर वाहायला लागायचं, मांजर पायात यायचं. मिस थ्रेलफॉल आपल्या खुर्चीतून घंटी वाजवायच्या. घंटी वाजली की सगळं सोडून आधी तिकडे. (गेममध्ये आपल्याला कोणी हरवू शकत नाही हे कळेपर्यंत त्या दुखावल्या होत्या, मग नाही.) मिस्टर लोमॅक्स जिन्यात उभे असायचे. त्यांना धक्का लागला की ते धक्क्यावरच्या थिएटरच्या आठवणी सांगायला लागायचे आणि चहा गार होईपर्यंत सुटका नाही. खऱ्या आयुष्यात त्यांना चुकवायचा एकच मार्ग होता, मागचा जिना. गेममध्येही तोच ठेवला. ते रोज संध्याकाळी खेळायचे, रोज स्वतःलाच जाऊन धडकायचे, आणि म्हणायचे, “काय व्यक्तिमत्त्व आहे! जरा मोठा काढ मला.”

आई मात्र मला काढता येईना. आपल्याला जागा केवढी, तर सोळा ठिपके रुंद आणि चोवीस उंच. पहिल्या प्रयत्नात ती धुराड्यासारखी दिसली, दुसऱ्यात पाद्र्यासारखी. शेवटी मी आलेखाचा कागद घेऊन बोळाच्या टोकाला जमिनीवर बसलो आणि तिला म्हणालो, “आई, चाल.”

“चालतेच आहे की.”

“तशी नाही. परत मागे जा आणि हळू ये.”

“हळू चालायला मला कोणी शिकवलंच नाही, रसेल. अंडी करपतील, ऊठ तिथून.”

तरी ती चालली. स्वयंपाकघरातून जेवणघरात, जेवणघरातून परत, ट्रे घेऊन, आणि तू दारात बटाटे सोलत हसत होतीस. “आयव्ही, मागे वळून बघ गं, पोरगा तुझं काय काढतोय!” मी बघून बघून टिपत होतो. ट्रे उजव्या हातावर, खांद्याशी. सगळा तोल डावीकडे. एक पाऊल लांब, पुढचं आखूड, परत लांब. दारापाशी वळून पाठीने दार ढकलायचं आणि कप हलले नाहीत ना हे बघायला हनुवटी थोडी वर. आठ चित्रं झाली. बाकीचे लोक दोन चित्रांत माणूस चालवायचे, पाय फाकव, पाय मिटव, की झाला चालला. मी आठ केली.

त्या संध्याकाळी सगळ्यांना दाखवलं. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर ती डावीकडून आली, पडदाभर चालत गेली, उजवीकडून बाहेर पडली आणि पुन्हा डावीकडून आली. मिस्टर लोमॅक्सनी टाळ्या वाजवल्या. मिसबाई म्हणाल्या, “हुबेहूब. कंबर तेवढी जरा जास्त झालीय.” मी म्हणालो, “ठिपके चौकोनी असतात, मिस थ्रेलफॉल, गोल कंबर कुठून आणू?” तू हसलीस. आई हसली नाही. ती बराच वेळ बघत होती, आणि मग कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, “मी चालताना एवढी दमलेली दिसते?”

मला वाटलं ही शाबासकी आहे. मी म्हणालो, “आठ चित्रांत, आई! आठ!” ती म्हणाली, “छान झालंय,” आणि भांडी घासायला गेली. पुढचे दोन दिवस ती शिपायासारखी ताठ चालत होती. तिच्या हातून कप फुटले, बशी फुटली, एका पाहुण्याच्या मांडीवर बीन्स सांडले. तिसऱ्या दिवशी ती परत आपल्यासारखी चालायला लागली, आणि मला हायसं वाटलं, कारण माझं चित्र आता परत बरोबर येत होतं. पंधराव्या वर्षी माणूस इतका गाढव असतो, मावशी, आणि कोणी त्याला तसं सांगत नाही. उलट म्हणतात पोरगा हुशार आहे.

तो उन्हाळा बहुतेक पावसातच गेला. किनाऱ्यावर जाता येईना म्हणून पाहुण्यांची पोरं बैठकीत, आणि बैठकीत माझा गेम. दोघांना खेळता यायचं. एकाने मिसेस हॅल्सॉल व्हायचं, दुसऱ्याने मांजर. ब्रॅडफर्डहून आलेला एक लठ्ठ मुलगा होता, तो एके दिवशी भोकाड पसरून रडला. “सारखं मांजर मीच का? मला मिसेस हॅल्सॉल व्हायचंय!” त्याची बहीण म्हणाली, “तुला ट्रे धरता येत नाही.” आई तेव्हा उष्ट्या बश्यांची चळत घेऊन बोळात होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती मान खाली घालून पुढे गेली, पण त्या रात्री जेवणात त्या मुलाच्या ताटात दोन सॉसेज जास्त होते. कारण कोणालाच कळलं नाही, मुलाला तर नाहीच.

गेम मी कॅसेटवर उतरवून मासिकात जाहिराती देणाऱ्या कंपन्यांना पाठवला होता. बऱ्याच ठिकाणांहून उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून पत्राऐवजी माणूसच आला. ‘थंडरक्लॅप’ नावाची कंपनी, लिव्हरपूलची. माणसाचं नाव गॅव्हिन, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. गाडी रुपेरी, जॅकेट रुपेरी, आणि पावसात दोन्ही गळत होती. तो रात्री राहिला, सकाळी दोनदा न्याहारी केली, आणि मग बैठकीत सगळ्यांच्या देखत गेम खेळायला बसला. मिसबाईंनी शिवण खाली ठेवलं.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “ही बाई चालते कशी बघ! मी एवढे गेम पाहिले, अशी चाल नाही पाहिली.” मला जमिनीवर पाय ठेववेना. मग त्याने खेळ थांबवला. “फक्त एक आहे. ती बाई आहे ना?”

“हो.”

“ट्रे घेतलेली.”

“हो.”

“मित्रा, तूच सांग, कोणता मुलगा दुकानात जाऊन म्हणेल की मला ट्रे घेतलेली बाई द्या? रोबो कर. घराचं अंतराळयान कर. ट्रेचा बॉम्ब कर. बाकी काही बदलू नकोस, बाकी अप्रतिम आहे.”

असा मुलगा मला माहीत होता. तो ब्रॅडफर्डला राहायचा. त्याचं नावसुद्धा मला ठाऊक होतं. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मित्रा म्हणालं होतं, आणि तोही रुपेरी जॅकेटवाला. आई नेमकी त्याच्या कपात चहा ओतत होती. त्याच्या ते लक्षात आलं असावं. “तुमच्याबद्दल काही नाही हं, मॅडम,” तो म्हणाला. आई म्हणाली, “रोबो बरा. त्याचे पाय दुखत नाहीत.” आणि तिने त्याला अजून एक टोस्ट वाढला. हे वाक्य मी तेव्हा परवानगी म्हणून घेतलं. गेली कित्येक वर्षं मी ते पुन्हा पुन्हा ऐकून बघतो. तिने ते थट्टेत म्हटलं असेल, मला मोकळं करायला म्हटलं असेल, किंवा खरोखरच तिचे पाय दुखत असतील. तिन्ही बसतात.

मिस्टर लोमॅक्सनी घसा साफ केला. “आणि मी?”

“तुम्ही चिखल,” गॅव्हिन म्हणाला. “हिरवा. जिवंत.”

“बोलणारा?”

“मुका.”

मिस्टर लोमॅक्स उठून वर गेले. त्या दिवशी त्यांनी पुडिंग घेतलं नाही. आमच्याकडे आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मिस थ्रेलफॉलच्या घंटीचा धोक्याचा भोंगा होणार होता. त्या मात्र खूश होत्या. “निदान ऐकू तरी जाईल,” म्हणाल्या.

मी शरद ऋतूच्या सुट्टीत रोबो केला. डब्यात तिळाएवढी जागा उरली नव्हती, म्हणून रोबोची चित्रं वेगळी ठेवता येणार नव्हती. ती आईच्याच जागी बसवावी लागली, एकेक करून. डोकं पुसलं, तिथे अँटेना. एप्रन पुसला, तिथे लोखंडी पत्रा. ट्रे गेला, बॉम्ब आला. आठही चित्रं. पायांचा मला कंटाळा आला, आणि गॅव्हिनचे घाई करणारे फोन येत होते, म्हणून पाय तसेच ठेवले. मग सगळं त्याच कॅसेटवर उतरवलं, कारण घरातली ती एकच कॅसेट भरवशाची होती. जुना गेम जपून ठेवावा असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. कालची न्याहारी कोणी जपून ठेवतं का?

पुढच्या वसंतात माझा गेम ‘थ्रॅक्सॉनचा सूड’ या नावाने दुकानात आला. थ्रॅक्सॉन कोण हे मलाही माहीत नव्हतं. कॅसेटच्या वेष्टनावर एक पिळदार रोबो आणि त्याला बिलगलेली तोकड्या कपड्यांतली तरुणी होती, जी गेममध्ये कुठेच नव्हती (मिसबाईंनी ती शेवटपर्यंत शोधली). एका मासिकात परीक्षण आलं. चार ओळींचं होतं, त्यातल्या दोन रोबोवर. ‘हा यंत्रमानव असा का चालतो? जणू दिवसभर उभं राहून त्याची कंबर धरली आहे.’ मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मला रडू येत होतं. शाळेत हे मासिक सगळे वाचायचे. आईने ओले हात मागे धरून, मान पुढे काढून वाचलं, आणि ती हसायला लागली. तिला असं हसताना मी क्वचितच पाहिलं. ओट्याला टेकून, एप्रनने डोळे पुसत, थांबायची आणि परत सुरू व्हायची. “पाय माझेच ठेवलेस होय रे!”

मी म्हणालो, “पुढच्या वेळी बदलतो.”

ती हसायची थांबली. म्हणाली, “नको. असू देत.” आणि ते कात्रण तिने बॉयलरच्या शेजारी चिकटवलं, वाफेने ते पिवळं होऊन गळून पडेपर्यंत तिथेच होतं.

पुढची वेळ आली नाही. थंडरक्लॅपचा फोन आधी कोणी उचलेना, मग तो लागेचना. गॅव्हिन आता कुठे असेल देव जाणे; त्याच्यावर माझा राग नाही, तोही पोरगाच होता आणि त्याची गाडी गळत होती. लोक सुट्टीला स्पेनला जायला लागले. मिस्टर लोमॅक्स गेले, मग मिस थ्रेलफॉल गेल्या आणि त्यांच्या खुर्चीत तरीही कोणी बसेना. मी सॅलफर्डला शिकलो, पार्किंगच्या यंत्रांत शिरलो, अधूनमधून शनिवारी घरी यायचो आणि आईने वाढलेलं खाऊन, ती वाढत असतानाच, परत जायचो. सत्त्याण्णव साली ती गेली, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू जवळ होतीस.

हे सगळं आता उकरायचं कारण जॅनीन. तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला ती काहीतरी फिल्म करते आहे (तुला सांगायचं नव्हतं, आता सांगितलं, तू आश्चर्य वाटल्यासारखं कर), आणि तिने विचारलं की आयव्हीमावशीचं एखादं हलतं चित्रण आहे का. मी घर पालथं घातलं. नाही. आपल्याकडे कॅमेरा नव्हता. पाहुण्यांकडे असायचे, पण ते समुद्राचं चित्रण करायचे. फोटो आहेत, त्यांत आईचं कोपर आहे, ट्रे आहे, एकात कोणाच्यातरी केकमागे अर्धा खांदा आहे. आणि मग मला रोबो आठवला.

तुला ठाऊक नसेल, पण जगात अशी माणसं आहेत जी जुने, टुकार, कोणी न विकत घेतलेले गेम जमवून इंटरनेटवर सांभाळून ठेवतात. कोणी सांगितलेलं नसतं, कोणी आभारही मानत नाही. ‘थ्रॅक्सॉनचा सूड’ तिथे होता. खाली व्हॅलेन्सियाच्या कोणा गृहस्थाने लिहिलं होतं: ‘गेम भिकार आहे, पण रोबो चालतो ते बघत राहावंसं वाटतं.’ मी तो सुरू केला. अंतराळयानाचा जिना आला आणि डावीकडून रोबो आला. लांब पाऊल, आखूड पाऊल, लांब पाऊल. मी एक पोस्टकार्ड कापलं, पडद्यावर चिकटवलं, कमरेच्या वरचं सगळं झाकून टाकलं, आणि ती इकडून तिकडे जात राहिली. मांजर येऊन मांडीवर बसलं, तेही बघत होतं. चहाचं मी विसरूनच गेलो.

तर मी दिवसभर हे करतो. गेम परत पहिल्यासारखा करतोय. जिने झाले, टेबलं झाली, मिस्टर लोमॅक्स पुन्हा बोलायला लागले आणि थांबत नाहीत. पाय माझ्याकडे आहेत. वरचं मात्र जमत नाही. जागेला आता तोटा नाही, हवे तेवढे ठिपके आहेत, हवे तेवढे रंग आहेत, आणि मी काढतो ते परत धुराडंच होतं.

गुडघ्याला जप. जॅनीनला आशीर्वाद सांग. कस्टर्डची पाककृती मात्र कोणालातरी कागदावर लिहून दे, यंत्रावर विश्वास ठेवू नकोस.

लांब आणि आखूड दोन्ही बाह्यांतून तुझाच,
रसेल

ता. क. पत्र एवढं लांबवलं ते एक मागणं होतं म्हणून. तू आणि आई मागून सारख्याच दिसायचात. दूधवाला तुला ‘मिसेस हॅल्सॉल’ म्हणून हाक मारायचा आणि तू ओ द्यायचीस. डॉक्टरांनी तुला चालायचा व्यायाम सांगितलाच आहे. तेव्हा एकदा ट्रेमध्ये दोन कप घेऊन (रिकामे घे) स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जा, दार पाठीने ढकल, आणि जॅनीनला फोनवर चित्रण करायला सांग. चपला घाल, मोजे नकोत.

ता. क. २. पाकीट चिकटवताना डोक्यात प्रकाश पडला. तुझा गुडघा नवा आहे, म्हणजे तू आता सरळ चालत असशील. काही उपयोग नाही. वरचं सगळं रद्द समज आणि ट्रेला हात लावू नकोस.

ता. क. ३. पाकीट परत फोडलं. एवढं एक कर. जुन्या गेममध्ये तिला थांबता येत नसे. थांबली की चहा गार आणि खेळ खलास. या वेळी मी घड्याळच काढून टाकलंय, आणि शेवटच्या टेबलापाशी एक खुर्ची मोकळी ठेवली आहे. तिथे तिला बसवायचं आहे. काल दिवसभर प्रयत्न केला. चालताना ती मला दिसते, वाकताना दिसते, ओट्याला टेकलेली दिसते, पण बसलेली आठवतच नाही. मी पाहिलीच नसावी. तू पाहिली असशील, लग्नाआधी, तुम्ही दोघी लहान असताना तरी. ती हात कुठे ठेवायची? पाय जवळ घ्यायची की सोडायची? जॅनीनला म्हणावं फोन समोर कपाटावर टेकवून ठेव, आणि तू खिडकीजवळच्या खुर्चीत, ती बसायची तशी, बस. उठायची घाई करू नकोस.